चुलीचे दुसरे काम

शहाद्याहून उत्तरेला निघालेला रस्ता म्हसावद, राणीपूर ही गावे मागे टाकतो आणि सातपायरी घाट चढून तोरणमाळला पोचतो. अंतर पन्नासएक किलोमीटरचे, पण तेवढ्यात आपण तापीकाठच्या सपाटीपासून सुमारे एक हजार मीटर वर येतो. दर हजार मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, हे आपण भूगोलाच्या तासाला शिकवतो. शहाद्याच्या मुलांना त्यासाठी हिमालयाचे उदाहरण देण्याची गरज नाही. जानेवारीत सकाळी तोरणमाळहून आलेल्या एसटीतल्या प्रवाशांची घोंगडी पाहिली तरी पुरे.

सातपुड्याच्या या भागात, तोरणमाळला आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाब, वालंबा या गावांकडे, कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. लोक म्हणतात, 'बर्फ पडला'. खरे तर हा बर्फ आकाशातून पडलेला नसतो. आकाश निरभ्र असले की जमीन आणि गवत रात्रभर आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकत राहतात. त्यामुळे गवताचे पाते भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होते. हवामानखात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. तो तीन-चार अंश दाखवत असतानाही जमिनीलगत पारा शून्यावर असू शकतो. शिवाय थंड हवा जड असते. ती उतारावरून खाली घरंगळते आणि खोलगट जागी साठते.

अशा रात्री सातपुड्यातले भिल्ल, पावरा कुटुंब काय करते? चुलीत किंवा घराच्या मध्यावरच्या आगटीत लाकडे सारते आणि तिच्याभोवती झोपते. स्वयंपाक केव्हाच आटोपलेला असतो, तरी विस्तव चालू राहतो. या लेखाचा विषय आहे चुलीचे हे दुसरे काम. चूल सुधारण्याचा इतिहास आपल्याकडे साठ-सत्तर वर्षांहून मोठा आहे. त्यात पहिल्या कामाचा, म्हणजे स्वयंपाकाचा, पुष्कळ विचार झाला. दुसऱ्या कामाचा फार थोडा झाला. त्याची किंमत डोंगरातल्या घरांना आजही मोजावी लागते.

एका विस्तवाची किती कामे

डोंगरातले जुन्या पद्धतीचे घर म्हणजे सागाचे किंवा इतर लाकडाचे खांब, बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचे लिंपण आणि वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर. घराला धुराडे नसते. धूर छपराच्या फटींतून आणि कुडाच्या वरच्या मोकळ्या जागेतून वाट काढतो.

या घरातला विस्तव भाकरी भाजतो, पाणी तापवतो, उजेड देतो, ओले कपडे वाळवतो. माळ्यावर ठेवलेली मक्याची कणसे आणि बियाणे त्याच्या धगीने कोरडी राहतात. धुराने किडीला आळा बसतो. छपराच्या बांबूवर काजळीचा थर चढला की भुंगाही कमी लागतो. हिवाळ्यात या सगळ्यांच्या जोडीला ऊब. म्हणजे आपण ज्याला 'चूल' या एका शब्दाने ओळखतो, तो त्या घरातला शेगडी, दिवा, वाळवणयंत्र आणि कोठीचा राखणदार असतो. त्यातले एक काम काढून दुसऱ्या साधनाला दिले तरी बाकीची कामे उरतात. ती करण्यासाठी विस्तव पेटवावाच लागतो.

घरात विस्तव ठेवण्याची रीत फार जुनी आहे. शहादा तालुक्यातच, तापी आणि गोमाई यांच्या संगमावर, प्रकाशा आहे. तेथे १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले. सर्वांत खालच्या थरांत ताम्रपाषाण काळातील वस्तीचे अवशेष मिळाले. त्या काळचे घर कसे असे, याचे अधिक तपशीलवार चित्र पुणे जिल्ह्यातील इनामगावला मिळते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आणले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या दरम्यानची ही घरे. बुटकी मातीची भिंत, वर कूड, गवती छप्पर आणि घरात अग्निकुंड. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्याला आजचे कुडाचे घर फारसे परके वाटले नसते.

थोडा हिशोब

विस्तव घराला ऊब कशी देतो, हे समजण्यासाठी फळ्यावर एक गणित मांडू. खोली ४ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी ३ मीटर उंच धरू. तिच्यात ६० घनमीटर हवा मावते. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो, म्हणजे एकूण ७२ किलो हवा. एक किलो हवेचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ०.२४ किलोकॅलरी लागतात. तेव्हा सगळी हवा १० अंशांनी तापवायला ७२ × ०.२४ × १०, म्हणजे सुमारे १७३ किलोकॅलरी पुरतील. एक किलो वाळलेले लाकूड जळताना अंदाजे ४,००० किलोकॅलरी देते. म्हणजे खोलीतली हवा गरम करायला ४३ ग्रॅम लाकूड पुरेसे आहे! मूठभर काटक्याच झाल्या.

मग रात्रभरात लाकडांची मोळी का संपते? कारण ती हवा घरात थांबत नाही. विस्तवाने तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, छपराच्या फटींतून निसटते, आणि तिची जागा घ्यायला कुडाच्या फटींतून बाहेरची गार हवा आत शिरते. समजा, घरातली सगळी हवा तासाला दहा वेळा बदलली. तर तासाला १,७३० किलोकॅलरी, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमहून अधिक लाकूड नुसती हवा तापवायला लागेल. भिंती, छप्पर आणि जमीन यांतून जाणारी उष्णता निराळीच. शिवाय विस्तव जितका मोठा तितकी वर जाणारी हवा जास्त आणि आत शिरणारा गारवाही जास्त. म्हणून आगटीपाशी बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि पाठ मात्र गारठते.

गुडघे भाजतात ते हवेमुळे नव्हे. विस्तवाची उष्णता प्रारणाने थेट अंगावर येते. सूर्याची उष्णता जशी मधली पोकळी पार करून आपल्यापर्यंत पोचते, तशीच. विस्तव लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यावर ही उष्णता जवळजवळ चौथा हिस्सा होते. म्हणूनच सगळे कुटुंब विस्तवाला बिलगून झोपते. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेण्याचे आणि तान्ह्या मुलांना भाजण्याचे अपघात होतात, त्याचे एक कारण यात आहे.

आता या हिशोबातली सर्वांत अडचणीची गोष्ट पाहा. धुराडे नसलेल्या घरात विस्तवाची सगळी उष्णता आधी घरातच पसरते आणि मग हळूहळू बाहेर जाते. ऊब देण्याच्या दृष्टीने ही पद्धत तशी वाईट नाही. पण धूरही त्याच गरम हवेत मिसळलेला असतो. धूर आणि ऊब एकाच वाटेने जातात. धूर लवकर बाहेर काढायला गेलो तर ऊबही बाहेर जाते. ऊब कोंडून ठेवायला गेलो तर धूर कोंडतो. थंड मुलखांतल्या माणसांनी शेकडो वर्षे जी डोकेफोड केली, ती हा एक तिढा सोडवण्यासाठीच.

थंड देशांनी काय केले

युरोपातही सर्वसामान्यांच्या घरांत एके काळी धुराडे नव्हते. मध्यावर विस्तव आणि छपराला भोक, अशीच रचना होती. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात साध्या घरांवरही धुराडी दिसू लागली. विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्याने १५७७ साली आपल्या देशाचे वर्णन लिहिले, त्यात या बदलाची नोंद आहे. धुराने घराची लाकडे टणक होतात आणि घरच्यांना सर्दी-पडशाचा त्रास होत नाही, असा जुन्या लोकांचा समज असल्याचेही तो लिहितो. यातला सर्दी-पडशाचा भाग चुकीचा होता. लाकडाबद्दलचे म्हणणे मात्र सातपुड्यातल्या काजळी धरलेल्या बांबूकडे पाहिले तर अगदीच निराधार वाटत नाही.

धुराड्याने धूर गेला, पण त्याबरोबर ऊबही गेली. उघड्या शेकोटीच्या धुराड्यातून बहुतांश उष्णता आकाशात जाते आणि त्या ओढीने घरात गार वारे शिरतात. लाकूड महाग होऊ लागले तेव्हा याची जाणीव झाली. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० नंतरच्या काही वर्षांत लोखंडी पत्र्यांची एक शेगडी तयार केली आणि १७४४ साली तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. पूर्वी दारात मिळणारे लाकूड आता फार लांबून आणावे लागते, ही तक्रार त्या पुस्तिकेत आहे. आपल्या कल्पनेचे एकस्व घ्यायला फ्रँकलिन यांनी नकार दिला, ही गोष्ट अनेक शिक्षक मुलांना सांगतात. त्या शेगडीतला दोष मात्र सहसा सांगितला जात नाही. तिच्यात धुराला आधी खाली उतरून मग वर जावे लागे. विस्तव चांगला पेटलेला नसेल तर धूर उलटा घरात येई. पुढे डेव्हिड रिटनहाउस यांनी धुराची वाट बदलून ती वापरण्याजोगी केली. सुधारणा अशीच होत जाते. एकाची कल्पना, दुसऱ्याची दुरुस्ती.

दुसरे नाव बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड यांचे. तोफेला भोक पाडताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरचा त्यांचा १७९८ सालचा निबंध पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतून आपल्या ओळखीचा आहे. त्याआधी दोन वर्षे, १७९६ साली, त्यांनी धुराड्यांच्या शेकोट्यांवर निबंध लिहिला होता. उघडी शेकोटी खोलीला ऊब देते ती मुख्यतः प्रारणाने, हे त्यांनी हेरले. म्हणून त्यांनी शेकोटीचा कोनाडा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या, म्हणजे उष्णता खोलीकडे परतावी. आणि धुराड्याचा घसा अरुंद करून सुमारे चार इंचांवर आणला, म्हणजे धूर जाईल पण खोलीतली गरम हवा फुकट जाणार नाही. गवंडी एका दिवसात करू शकेल असा हा बदल होता. लंडनमध्ये तो झपाट्याने पसरला.

स्वीडनने वेगळा मार्ग घेतला. तेथे १७६७ साली क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघांनी विटांची उंच भट्टी तयार केली. तिच्यात धुराची वाट सरळ वर न नेता वरखाली फिरवली. गरम धूर विटांना उष्णता देत देत शेवटी थंड होऊन बाहेर पडतो. दिवसातून एक-दोन वेळा लाकडे भडभडा जाळायची, आणि तापलेल्या विटा मग कित्येक तास ऊब देत राहतात. भडभडून जळणाऱ्या विस्तवात धूरही कमी होतो.

पूर्वेकडे कोरियाने तर दोन्ही कामे एकत्र बांधली. स्वयंपाकाच्या चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या दगडी जमिनीखालून नेऊन पलीकडे बाहेर सोडायचा. जेवण शिजता शिजता झोपायची जमीन गरम होते. याला ते ओंडोल म्हणतात. विसाव्या शतकात कोरियात लाकडाऐवजी कोळशाच्या वड्या आल्या. जमिनीच्या भेगांतून कार्बन मोनॉक्साइड वर झिरपून झोपेत माणसे दगावू लागली. त्यानंतर तेथे जमिनीखाली गरम पाण्याचे नळ आले.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. चुलीबरोबर घरही बदलले. जाड भिंती, बंद होणारी खिडकी, वरचे तक्तपोशीचे छत. स्वीडनची भट्टी कुडाच्या घरात बसवली असती तर तिने सातपुडाच तापवत बसायचा!

आपल्याकडचा निर्धूर चुलीचा इतिहास

महाराष्ट्रातल्या सपाटीवर घर तापवण्याचा प्रश्न फारसा आलाच नाही. थंडीचे दोन-तीन महिने घोंगडी, गोधडी आणि अंगणातली शेकोटी यांवर निभावून जातात. आंघोळीच्या पाण्याची सोय तांब्याच्या बंबाने केली. मध्ये विस्तवाची नळी आणि भोवती पाणी, अशी बंबाची रचना असते. धुराबरोबर वाया जाणारी उष्णता वाटेतच पकडायची, हे फ्रँकलिन आणि स्वीडनचे तत्त्व आपल्या न्हाणीघरात कित्येक वर्षे उभे होते. स्वयंपाकघराची मात्र धुरातून सुटका झाली नव्हती.

तिकडे लक्ष गेले ते वर्ध्यात. १९३४ च्या अखेरीस गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र. तेथे चाळीसच्या दशकात मातीची, धुराडे असलेली 'मगन चूल' तयार झाली. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी बंदिस्त बोगद्याची, एकामागे एक भांडी ठेवण्याची आणि शेवटी धुराडे असलेली चूल बनवली. १९५३ साली त्यांनी तिच्यावर पुस्तिका काढली. लाखो स्वयंपाकघरे निर्धूर व्हावीत हा तिचा हेतू पुस्तिकेच्या नावातच होता. या दोघांनाही प्रामुख्याने स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे वाचवायची होती.

सत्तरच्या दशकात कारण बदलले. १९७५ साली एरिक एकहोम यांनी जळाऊ लाकडाची टंचाई हे 'दुसरे ऊर्जासंकट' असल्याचे मांडले. पहिले अर्थात खनिज तेलाचे. आता चूल सुधारायची ती जंगल वाचवण्यासाठी. भारत सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्याची सरकारी नोंद आहे. पण किती चुली खरोखर वापरात राहिल्या हे पाहणी करणारे तपासू लागले, तेव्हा चित्र निराशाजनक दिसले. धुराडी तुंबली, तोंडे फोडून मोठी केली गेली, काही चुली पहिल्या पावसाळ्यातच मोडल्या. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली पुण्यात सुरू केलेल्या 'आरती' या संस्थेने चुली टिकाव्यात आणि त्या गावच्या कारागिरांनी करून विकाव्यात, या दिशेने बरेच काम केले.

चूल चांगली की वाईट हे ठरते कसे? प्रयोगशाळेत त्यासाठी पाणी उकळण्याची चाचणी करतात. ठरावीक लाकूड जाळायचे आणि त्यातली किती उष्णता भांड्यातल्या पाण्यात गेली ते मोजायचे. तीन दगडांच्या चुलीत हे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के भरते, सुधारित चुलीत २० ते २५ टक्के किंवा त्याहून अधिक. उरलेली उष्णता 'वाया गेली' असे लिहायचे. पुण्याच्या किंवा शहाद्याच्या मे महिन्यात ते खरेच आहे. तोरणमाळच्या जानेवारीत मात्र त्या 'वाया' गेलेल्या उष्णतेवरच मुले झोपतात. चाचणीच्या तक्त्यात तिला रकाना नाही.

आता सुधारित चूल डोंगरातल्या घरात नेऊन पाहा. ज्वाळा मातीच्या आत झाकल्या गेल्या, म्हणजे अंगावर येणारी प्रारणाची उष्णता कमी झाली. धुराडे लागले, म्हणजे उष्णतेचा एक भाग थेट बाहेर गेला. उजेड गेला. माळ्यावरच्या कणसांना धूर मिळेना. मातीचा जाड थर तापून काही वेळ ऊब देतो हे खरे, पण रात्रभरासाठी ती पुरी पडत नाही. मग घरातली बाई शेजारी तीन दगड मांडून पुन्हा आगटी पेटवते. तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. तिने तिच्या घराचा पूर्ण हिशोब केला, आपण त्यातली एकच ओळ वाचली.

धुराची किंमत

म्हणजे धूर सहन करावा असे मुळीच नाही. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेतील ए. एल. अग्रवाल आणि आर. एम. दवे यांच्यासह गुजरातमधील खेड्यांत मोजणी केली. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर छोटी यंत्रे लावून त्या श्वासातून किती कण घेतात ते पाहिले. १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चुलीपुढच्या हवेत घनमीटरला सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास कण होते. त्या काळी हवेचे प्रदूषण म्हणजे कारखाने आणि मोटारी, असाच समज होता. सर्वांत खराब हवा स्वयंपाकघरात असू शकते, हे या कामामुळे जगापुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. दमा आणि फुप्फुसांचे जुनाट विकार, मुलांचा न्यूमोनिया, हृदयविकार, मोतीबिंदू या यादीत येतात. स्वयंपाकाचा धूर दोन-तीन तासांचा असतो. उबेसाठी रात्रभर धुमसणाऱ्या लाकडाचा धूर झोपलेल्या सगळ्या कुटुंबाच्या, तान्ह्या मुलाच्याही, वाट्याला येतो.

धुराडे असलेली चूल दिली की हा प्रश्न सुटतो का? रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात याची दीर्घकाळ पाहणी केली. चिठ्ठ्या टाकून काही कुटुंबांना आधी चुली दिल्या, काहींना नंतर. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढे निगा राखली गेली नाही, वापर घटला आणि फरक पुसला गेला.

गॅसचे उत्तर यापेक्षा खूप चांगले आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून कोट्यवधी घरांत जोडण्या पोचल्या. भाकरीपुरता धूर त्यामुळे टळू शकतो. पण गॅसची ज्योत रात्रभर पेटवून कोणी झोपत नाही, आणि झोपूही नये. सिलिंडर आला तरी हिवाळ्यात विस्तव राहतोच. 'गॅस देऊनही हे लोक लाकडे का जाळतात?' या प्रश्नाचे एक उत्तर सिलिंडरच्या किमतीत आहे, दुसरे चुलीच्या दुसऱ्या कामात.

मग करायचे काय?

वरच्या गणिताकडे परत जाऊ. हवा तापवायला मूठभर काटक्या लागतात, ती निसटते म्हणून मोळी लागते. तेव्हा पहिली दुरुस्ती घराची आहे. वाऱ्याच्या बाजूचा कूड दोन्हीकडून नीट लिंपणे, झोपण्याच्या जागेवर बांबूचा खालचा माळा करणे, जमिनीवर भाताचा पेंढा किंवा जाड गोधडी अंथरणे, यांना यंत्र लागत नाही. नव्या पत्र्याच्या घरांत हे अधिकच गरजेचे आहे. गवताच्या जाड छपरात हवा अडकलेली असते, ते उष्णता सहज जाऊ देत नाही. पातळ पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता टाकून इतका थंड होतो की आतल्या बाजूने थेंब गळतात. पत्र्याखाली चटईचे किंवा बांबूचे छत बसवले तरी मोठा फरक पडतो.

पण फटी बुजवताना एक गोष्ट कधीही विसरू नये. घर जितके बंद, तितका आतला विस्तव धोक्याचा. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते सुरक्षित वाटतात. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा घटना दर हिवाळ्यात देशात कोठे ना कोठे घडतात. ज्या खोलीत निखारे आहेत, तेथे वर आणि खाली हवेला वाट हवीच. झोपायची खोली बंद करायची तर विस्तव आधी बाहेर न्यायला हवा.

दुसरी दुरुस्ती लाकडाची. ओल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. एक किलो पाणी तापवून वाफ करायला सहाशेहून अधिक किलोकॅलरी लागतात, त्या उबेतून वजा होतात. शिवाय विस्तव थंड राहिल्याने धूर वाढतो. पावसाळ्यापूर्वी तोडून, फोडून, आडोशाला रचलेले लाकूड कमी लागते आणि कमी धुमसते. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईच्या खेपाही वाचतात.

तिसरी दुरुस्ती चुलीची. हिमाचलात लोखंडी 'तंदूर' वापरतात. ही धुराचा नळ असलेली बंद शेगडी असते. तिच्यावर भांडे चढते आणि तापलेला पत्रा खोलीला ऊबही देतो. धूर वेगळा, ऊब वेगळी. सातपुड्यात ती तशीच उचलून आणता येणार नाही, कारण गवती छपरातून तापलेला नळ नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. नळ भिंतीतून काढून छपरापासून दूर ठेवावा लागेल, भोवती मातीचे किंवा पत्र्याचे कवच लागेल. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात हे जमण्यासारखे आहे. पण जी चूल येथे आणायची, तिची परीक्षा पाण्याच्या भांड्याबरोबर झोपलेल्या मुलाच्या अंथरुणापाशीही व्हायला हवी.

शहादा, धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांतल्या शाळांना आणि आश्रमशाळांना हे काम सहज करता येईल. दोन साधे तापमापक घ्या. एक झोपायच्या जागी जमिनीलगत टांगा, दुसरा छपराखाली, आणि पहाटे पाचच्या नोंदी आठवडाभर लिहा. कुडाच्या फटींजवळ पेटती उदबत्ती धरून वारा कोठून येतो ते पाहा. ओल्या लाकडाचा एक तुकडा तोलून महिनाभर वाळत ठेवा आणि पुन्हा तोला. आणि मुलांना घरून एक माहिती आणायला सांगा: भाकरी झाल्यानंतर चूल आणखी किती तास पेटती असते, आणि तेवढ्यात किती लाकूड जळते? डिसेंबरची आणि एप्रिलची माहिती शेजारी शेजारी मांडा. दोन्हींतला फरक म्हणजे चुलीचे दुसरे काम. ते आकड्यांत मांडले गेले, तर डोंगरातल्या घरासाठी चूल बनवणाऱ्याला कोठून सुरुवात करायची ते कळेल.